धोपाव्याच्या जेटीवरचा यम

रत्नागिरी,
सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

ती. दादूभाऊ यांस,

महिपतचा नमस्कार. जनीताईंनाही नमस्कार सांगावा, म्हणजे त्यांनीच तो वाचून स्वतःकडे ठेवून घ्यावा, कारण हे पत्र त्याच तुम्हाला वाचून दाखवणार.

आज सकाळी नळाला पाणी आलं, ते भरलं. पेज केली, खाल्ली. स्कूटरने जाऊन दूध आणि पोस्टाचं पाकीट आणलं. जुनेदचं गॅरेज बंद होतं. परत आलो आणि लिहायला बसलो. आजचा दिवस अजून एवढाच झाला आहे.

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे दीपालीकडून कळलं. थेंब वेळेवर घालावेत. डॉक्टरांनी मोबाईल आणि टीव्ही बंद सांगितलेला असताना तुम्ही पट्टी नसलेल्या डोळ्याने क्रिकेट बघता अशी ताईंची तक्रार आहे. (दुसऱ्या डोळ्याला त्याचं काही वाटत नाही, हा तुमचा युक्तिवादही दीपालीने सांगितला.) ताईंचे गुडघे कसे आहेत ते कळवावं. इकडे कलमांना मोहोर बरा आहे. माझी तब्येत ठीक. फोन न करता पत्र लिहितो, कारण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकतो आणि माझं सांगायचं राहून जातं. राग मानू नये, तुम्ही मुख्याध्यापक होता. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आणि ओळी तिरक्या आल्या आहेत, त्याचं कारण शेवटी लिहितो.

आता विषयाकडे येतो. दोन वर्षांपूर्वी थंडीत मालन तुमच्याकडे दाभोळला येऊन राहिली होती ते आठवत असेल. आम्ही तेव्हा गावच्या घरी होतो (पडवीची कौलं बदलायची होती), म्हणून तिने फेरीबोटीने खाडी ओलांडून धोपाव्याला उतरायचं आणि मी स्कूटर घेऊन तिला न्यायला जायचं असं ठरलं होतं. तसंच झालं. घरी येताना वाटेत ती मागे बसून मला सांगत होती की बोटीवर एक बिचारा माणूस लाकडी खुर्ची डोक्यावर घेऊन हिंडत होता आणि ज्याला त्याला विचारत होता, पलीकडे कधी येणार. घरून भांडून निघाला असावा, असं तिचं मत. त्याने तिलाही विचारलं, तेव्हा तिने त्याला माझ्याकडे पाठवलं होतं. तो आला का, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, खुर्चीवाला कोणी आला नाही. तरी तिने विषय सोडला नाही. पुढे कितीतरी दिवस जेवताना मध्येच म्हणायची, तो पोचला असेल ना हो कुठेतरी.

तो माणूस नट होता. बोटीवर सिनेमाचं शूटिंग चालू होतं आणि उतारूंमध्ये खरे किती आणि खोटे किती हे कोणाला कळू नये अशी त्यांची पद्धत होती. (युनिटमधल्या मुलीने मालनची परवानगी विचारली होती म्हणे. मालनने तिला 'होय, तिकीट काढलंय' असं उत्तर दिलं आणि त्यांचं तेवढ्यावर भागलं.) मालनला हे शेवटपर्यंत कळलं नाही. ती श्रावणात गेली आणि सिनेमा जानेवारीत आला. दीपालीने फोन करून सांगितलं, बाबा, आई सिनेमात आहे. मी विचारलं, कोणाची. त्यावर ती रडायला लागली, म्हणून पुढचं मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

सिनेमाचं नाव 'उतारू'. गोष्ट अशी. एका माणसाला पलीकडे जायचं असतं. तो खुर्ची घेऊन बोटीत बसतो. बोट लागली की जेटीवरच्या चहावाल्याला विचारतो, हे पलीकडे ना? चहावाला म्हणतो, नाही हो, हे अलीकडे, पलीकडे ते तिकडे. आणि तो जिथून आला ती बाजू दाखवतो. मग हा परत बोटीत. तिकडचा चहावालाही तेच सांगतो. मध्यंतरापर्यंत असं चालतं आणि मध्यंतरानंतरही असंच चालतं. शेवटी तो बोटीच्या मधोमध खुर्ची मांडून बसतो आणि कोणी विचारलं तर 'मी इथला' असं सांगतो. नाव उतारू आणि उतरत मात्र नाही, ही त्यातली गंमत आहे असं मला एकाने समजावून सांगितलं. दुसऱ्या एकाने तीच त्यातली चूक आहे असं समजावून सांगितलं.

या सिनेमावरून रत्नागिरीत जे दोन तट पडले आहेत तसे नगरपालिकेच्या निवडणुकीतही पडत नाहीत. मुंबईच्या एका पेपरने चार तारे दिले. पुण्याच्या एकाने अर्धा दिला आणि तोही खाडीला दिल्याचं लिहिलं. आमच्या इथल्या एका साप्ताहिकाने दोन्ही बाजूंचे लेख छापले, पण मथळ्यांची अदलाबदल झाली, त्यामुळे 'अप्रतिम' याच्या खाली शिव्या आणि 'वेळेचा अपव्यय' याच्या खाली कौतुक. दोन्ही लेखक रागावले. वाचकांपैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. मी केस कापायला गेलो होतो तेव्हा सलूनवाला एका गालाची दाढी करून समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, आता पलीकडची. गिऱ्हाईक म्हणालं, पलीकडची म्हणजे नक्की कुणाच्या बाजूने? तिथून वाद सुरू झाला आणि गिऱ्हाईक तसंच अर्ध्या दाढीने बाहेर येऊन फूटपाथवर बोलत उभं राहिलं. धोपाव्याच्या जेटीवर आता रोज कोणी ना कोणी प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन येतं आणि मोबाईलवर रील काढतं. चहावाला प्रत्येकाला 'हे अलीकडे' असं सांगतो, पण चहा घेतल्यावर. आमचा जुनेद गॅरेजवाला म्हणाला, 'काका, दोन तास बोट चालते आणि एकदा पण इंजिन बंद पडत नाय. असल्या पिक्चरवर कोण विश्वास ठेवील?' मला आतापर्यंत ऐकलेल्या मतांत हेच पटलं.

मी बघायला जावं की नाही हा वेगळाच प्रश्न झाला. शेजारच्या यमुनाबाई म्हणाल्या, वर्षाच्या आत सिनेमा बघायचा नसतो. मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्या कुंपणाशी येऊन म्हणाल्या, पण मालन स्वतःच त्यात असेल तर तो सिनेमा कसा, ते तिला बघून येणं झालं. मी बरं म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोडगा काढला की जा, पण तिकीट काढू नका. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत हे सांगितल्यावर त्यांनी बराच विचार केला आणि मध्यंतरात काही खायचं नाही एवढ्या अटीवर सोडलं. ती अट मी पाळली.

इथे हेल्मेटबद्दल लिहायला हवं. माझं हेल्मेट तुम्ही पाहिलं आहे, काळं, तोंडही झाकणारं. घेतलं तेव्हापासून त्याची हनुवटीखालची क्लिप अडकते. मिरजोळ्याला एमआयडीसीत मी जन्मभर प्रेशर गेज आणि व्हॉल्व्ह दुरुस्त केले, पण या क्लिपला कधी हात लावला नाही, कारण ती मालन काढायची. मी दारात उभा राहायचो, ती पदराला हात पुसत यायची, क्लिप काढायची आणि बाजारातून काय आणायचं राहिलं ते विचारायची. आता जुनेद स्क्रू-ड्रायव्हरने काढून देतो. नवी क्लिप बसवून देतो असं तो कधीपासून म्हणतो आहे. बघू म्हटलं आहे. दीपालीने कुरियरने नवं हेल्मेट पाठवलं, ते कपाटावर खोक्यात आहे. डोक्याला बसत नाही असं मी तिला कळवलं. घालून पाहिलेलं नाही.

तर सिनेमाच्या दिवशीही क्लिप अडकली आणि मी तसाच गेलो. दारावरच्या माणसाने हेल्मेट काढायला सांगितलं. निघत नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे आणि तिकिटाकडे पाहिलं आणि म्हणाला, बसा, ह्या पिक्चरला चालतं. मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी खांद्याला हात लावून विचारलं, छताचा काही भाग पडतो का.

मालन मध्यंतराच्या थोडी आधी येते. हिरवं सुती लुगडं आहे, मांडीवर पिशवी आहे. खुर्चीवाला तिच्यासमोर येऊन विचारतो, बाई, पलीकडे कधी येणार? ती आधी खुर्चीकडे बघते. मग म्हणते, 'मला नका विचारू. माझे मिस्टर येतायत न्यायला, त्यांना विचारा.' आणि थोडी सरकून त्याला बसायला जागा करून देते. एवढंच बोलली आहे. मग बोट लागते, ती उतरते, कॅमेरा बोटीवरूनच तिच्याकडे बघत राहतो. लांब जेटीच्या टोकाला काळ्या स्कूटरशेजारी काळं हेल्मेट घातलेला एक माणूस हलत नाही असा उभा. ती त्याच्याजवळ जाते, पिशवी खाली ठेवते आणि त्याच्या हनुवटीकडे हात नेते. इथे तो हात एकदम जवळून दाखवला आहे, पडदाभर. बांगड्या, बोटं, अंगठा. मग एकदम खाडी आणि खुर्चीवाला. पुढचा सिनेमा मी नीट पाहिला नाही. या हेल्मेटची काच आतून धुरकट होते, हा त्याचा दुसरा दोष आहे.

आता समीक्षकांचं ऐका. इथले नेवरेकर वकील (वाचक मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त झाल्यापासून तत्त्वज्ञान बघतात) यांनी लिहिलं की तो काळा, चेहरा नसलेला पुरुष म्हणजे यम. स्कूटर म्हणजे त्याचं वाहन. बाई म्हणजे जीव आणि 'माझे मिस्टर येतायत न्यायला' हे मराठी चित्रपटातलं मृत्यूबद्दलचं सर्वांत प्रसन्न वाक्य. पिशवी म्हणजे संचित कर्म. (त्या पिशवीत सुक्या कोळंबीचे सोडे होते. ताईंनीच हर्ण्याहून आणून दिले होते. आम्ही ते पुढे महिनाभर पुरवले.) आणि हनुवटीला हात लावणं म्हणजे जिवाने काळाची केलेली विनवणी. कॉलेजच्या तेजस्वी मॅडमनी याच्या विरुद्ध लिहिलं. त्यांचं म्हणणं, अख्ख्या सिनेमात बाई एकच, तिला प्रश्न एकच विचारला जातो आणि ती तो नवऱ्याकडे ढकलते, वर त्याची हनुवटी कुरवाळते. हे मला जरा लागलं. घरातली एकही गोष्ट मालनने मला विचारून केल्याचं मला आठवत नाही, तुम्हालाही आठवणार नाही. मला विचारावं असं तिला एकदाच वाटलं आणि तेही तिने दुसऱ्या माणसाला सुचवलं. पण मॅडमना हे कुठून कळणार? तिसरे ते अर्धा तारावाले पुण्याचे. त्यांनी लिहिलं की पिशवीवाल्या बाईंना अभिनय येत नाही, त्या खऱ्या वाटतात.

काल रविवारी वाचक मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये चर्चा ठेवली होती. दिग्दर्शक मुंबईहून आला होता. सागर नाव, वयाने लहान, नम्र आहे. मोबाईलवर दाखवण्यासाठी सिनेमा छोटा करून शिमग्याच्या आत द्यायचा आहे, काय काढावं ते लोकांकडून ऐकायला आलो आहे, असं त्याने सुरुवातीलाच सांगितलं. मी फक्त ऐकायला गेलो होतो. रविवारमुळे जुनेदचं गॅरेज बंद, म्हणून हेल्मेट डोक्यावरच होतं. मागच्या रांगेत खांबाच्या आड बसलो.

नेवरेकर वकील यमावर पुष्कळ वेळ बोलले. तेजस्वी मॅडम त्यांच्यावर बोलल्या. मग निम्मा हॉल इकडून आणि निम्मा तिकडून बोलायला लागला. कोणीतरी म्हणालं, आपण सगळे अलीकडेच आहोत, त्यावर टाळ्या पडल्या आणि त्याच वाक्यावर दुसरं कोणी तरी उठून गेलं. सागर सगळं मान डोलावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, एकूण बघता पिशवीवाल्या बाईंच्या प्रसंगावरच सगळ्यात जास्त भांडण दिसतंय. यमाचा अर्थ लागतो म्हणून तो मी ठेवावा असं मला वाटतं, पण मॅडमचंही चूक नाही. मग काय करू? काढू का?

मी उभा राहिलो. (मी सभेत कधी उभा राहिल्याचं तुम्हाला आठवत असेल तर कळवावं. तुमच्या निवृत्तीच्या समारंभात सत्काराला नाव पुकारलं तेव्हाही मी बसूनच होतो.) मला म्हणायचं होतं, काढू नका. पण हॉलमधले सगळे मागे वळून बघायला लागले, पुढच्या रांगेतून कोणीतरी 'अगो बाई' म्हणालं, त्यामुळे मला आधी स्वतःची ओळख सांगणं भाग पडलं.

'तो यम नाही,' मी म्हटलं. 'तो मी आहे.' हेल्मेटमधून आवाज घुमतो, म्हणून ते होतं त्यापेक्षा भारदस्त झालं.

नेवरेकर वकिलांनी पुरावा विचारला. मी म्हटलं, स्कूटर बाहेर उभी आहे. चारपाच जण बाहेर जाऊन स्कूटर बघून आले आणि तीच आहे म्हणाले. वकील म्हणाले, तुम्ही असा निश्चल का उभा होतात? मी म्हटलं, बोट यायची होती. मग तेजस्वी मॅडम उठल्या. त्या लेखात वाटतात तशा नाहीत, आवाज मऊ आहे. त्यांनी विचारलं, आणि हनुवटीला हात?

'क्लिप काढत होती. ती अडकते.'

'म्हणजे आत्तासुद्धा...'

'होय.'

यावर चर्चा थांबली आणि क्लिप काढायला सुरुवात झाली. आधी मॅडमनी प्रयत्न केला. मग वकिलांनी चष्मा बदलून केला. तिथेही दोन तट पडले, एक दाबा म्हणणाऱ्यांचा आणि एक ओढा म्हणणाऱ्यांचा. सागरनेही बघितलं. क्लिप काही निघाली नाही. मधल्या वेळात चहा आला, तो मला घेता आला नाही.

मग जे झालं ते असं. खरी हकीगत कळल्यावर मॅडमनी आपला आक्षेप मागे घेतला. मालन कशी होती ते त्यांनी मला विचारलं, मी चांगली होती म्हटलं. वकिलांनी आपलं कौतुक मागे घेतलं. यम नसेल तर त्या प्रसंगाला वजन राहत नाही, असं ते खिन्नपणे म्हणाले. म्हणजे मी बोलण्याआधी त्या प्रसंगाच्या विरोधात निम्मा हॉल आणि बाजूने निम्मा होता. मी बोलल्यावर कोणीच उरलं नाही. सागर मला बाजूला घेऊन म्हणाला, 'काका, तुम्ही उठला नसतात तर मी तो ठेवला असता. आता तो नुसता बायकोला न्यायला आलेला नवरा झाला.'

'तेवढंच होतं ते,' मी म्हटलं.

तो माझ्या पाया पडला. पण काढणार म्हणाला. त्याचंही बरोबर आहे, त्याला सिनेमा छोटा करायचा आहे. मी स्कूटर काढून घरी आलो. वाटेत लोक माझ्याकडे बघत होते असं वाटलं, पण ते हेल्मेटमुळेही असेल, कारण इथे कोणी घालत नाही. रात्री जुनेद घरी येऊन क्लिप काढून गेला.

माझी यात काही तक्रार नाही. सिनेमा तो सिनेमा. उगाच एखाद्या सज्जन माणसाला पेपरात यम म्हणावं हे मात्र मला पसंत नाही. मी साधा पेन्शनर आहे. मंडईत एका बाईने मला बघून कोथिंबिरीची जुडी तशीच देऊन टाकली आणि पैसे घ्यायला तयार होईना. शेजारची मंडळी संध्याकाळी मी समोरून आलो की 'आमच्याकडे नाही ना?' असं हसून विचारतात. हे थांबावं एवढीच इच्छा आहे. झाली हकीगत कळवली, बाकी विशेष काही नाही. थेंब घालावेत. ताईंनी जिने चढू नयेत.

आपला,
महिपत

ता. क. या खेपेला सोडे पाठवायचे झाले तर थोडे पाठवावेत. डबा मोठा नको.

ता. क. दुसरा. एक काम आहे. तुम्ही आजवर पेपरांना इतकी पत्रं लिहिलीत आणि त्यातली बहुतेक छापून आली. तसं एक या सिनेमावर लिहावं. त्यात असं लिहावं की जेटीवरचा तो काळा पुरुष यमच आहे, तो यमाशिवाय दुसरा कोणी असूच शकत नाही आणि तो प्रसंग काढला तर सिनेमात काही उरत नाही. सभेत एक इसम उठून तो मीच असं म्हणाला, त्याच्याकडे लक्ष देऊ नये, दुःखात माणूस काहीही बोलतो, असंही लिहिलंत तरी माझी हरकत नाही. चार संस्कृत शब्द घालावेत, ते तुम्हाला येतात. जेटीच्या मागे गवतात एक म्हैस चरताना दिसते. तिला रेडा म्हणावं, लांबून कोणाला कळत नाही. यमाला घरी कोणी होतं का ते पुराणात बघून घ्यावं, सापडलं तर पिशवीचाही उलगडा होईल. सिनेमा तुम्ही पाहिलेला नाही ही अडचण मानू नये, ज्यांनी आतापर्यंत लिहिलं त्यातल्या निदान दोघांनी पाहिलेला नाही. पत्र शिमग्याच्या आत छापून यायला हवं. कोथिंबिरीचं आणि शेजाऱ्यांचं मी बघून घेईन.

तुम्ही म्हणाल, सागरकडून तेवढा तुकडा मोबाईलवर मागून घे. ते मला जमणार नाही. शिवाय ती एकटी माझ्या मोबाईलमध्ये नको. बोटीत बसली आहे तशी असू दे, चार माणसांत, खुर्चीवाल्याला जागा करून देताना.

आणि मला ते परत बघायचं आहे ते दुसऱ्या कशासाठी नाही. हात पडदाभर दाखवला आहे, तेव्हा ती अंगठ्याने दाबते की नखाने उचलते ते स्पष्ट दिसतं. नेमकं त्याच वेळी काच धुरकट झाली. इथल्या थिएटरातून सिनेमा गेल्या गुरुवारी उतरला.

ता. क. तिसरा. अक्षराचं कारण राहिलं. सकाळी दूध आणून आलो तेव्हा क्लिप अडकली. जुनेद मावसबहिणीच्या लग्नाला हर्ण्याला गेला आहे, संध्याकाळी येतो. हेल्मेटवर चष्मा बसत नाही, म्हणून अक्षर मोठं काढलं. ताईंना वाचायला त्रास झाला असेल तर क्षमा असावी.

पेटी दुपारी उघडतात, त्याआधी पत्र पडलं पाहिजे. दूध तापवून झाकून ठेवलं. किल्ली खिशात आहे. हेल्मेट घालायचं नाही, डोक्यावर आहेच. टाकून येतो.